पहिली स्कूटर घेताय? आधी बंद गाडी ढकलून बघा

गेल्या काही वर्षांत चार-पाच जणांच्या पहिल्या गाडीच्या खरेदीला मी सोबत गेले आहे. भाची, शेजारच्या काकू, नवऱ्याच्या ऑफिसात नुकताच लातूरहून आलेला एक मुलगा. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "ॲव्हरेज किती देते?" आणि पहिल्या महिन्यात जे जे पडले, ते सगळे जवळपास थांबलेल्या गाडीवरून पडले. कुणी सिग्नलला पाय टेकताना, कुणी सोसायटीच्या रॅम्पवर, तर काकू चक्क गाडी स्टँडवरून उतरवताना.

चालू स्कूटरचं वजन जाणवत नाही. ती थांबली की शंभर किलो एकदम तुमच्या दोन पायांवर येतात. शोरूममधला माणूस इंजिन, रंग आणि ब्लूटूथबद्दल बोलत राहतो, पण या क्षणाबद्दल बोलत नाही. म्हणून माझा क्रम वेगळा आहे: आधी पाय आणि हात, मग रस्ता आणि पार्किंग, मग पैसे. ॲव्हरेज सगळ्यात शेवटी, कारण आजच्या ११० सीसी गाड्यांमध्ये त्याचा फरक फार तर लिटरमागे चार-पाच किलोमीटरचा असतो.

पुण्यात रोज दहा-वीस किलोमीटर ये-जा करणारा, हातात अजून गाडी न बसलेला माणूस डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिते आहे. नाशिक, कोल्हापूरला फार वेगळं नसेल.

लायसन्सचा घोळ आधी मिटवा

गाडी बुक करून मग लायसन्सच्या मागे लागणारे बरेच असतात. उलटं करा. कच्चं लायसन्स परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर, आधार जोडून घरबसल्या परीक्षा देऊन मिळतं. ते सहा महिने चालतं, आणि तीस दिवस झाले की पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. या तीस दिवसांत उसन्या गाडीवर शिकून घ्या. तोवर आपल्याला कुठली गाडी झेपते हे शरीरालाच कळलेलं असतं.

स्कूटरसाठी 'विनागिअर' वर्गाचं लायसन्स पुरतं, पण त्यावर मोटरसायकल चालवता येत नाही. पुढेमागे घरातली बाइक काढायची वेळ येईल असं वाटत असेल, तर आत्ताच गिअरचं काढा.

अकरावी-बारावीच्या पालकांसाठी एक गोष्ट ठळकपणे. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन्स फक्त ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचं असतं. आज शोरूममध्ये दिसणारी कुठलीही नेहमीची पेट्रोल स्कूटर त्यात बसत नाही. "मुलाकडे लायसन्स आहे" म्हणून त्याच्या हाती ११० सीसीची गाडी देणं म्हणजे विनालायसन्स देणंच. अल्पवयीन मुलानं अशी गाडी चालवून गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्यात पालकाला २५ हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

पाय, हात, मेन स्टँड

आता मुख्य भाग. शोरूममध्ये गेल्यावर टेस्ट राइड मागायच्या आधी बंद गाडीवर चार गोष्टी करून बघा. कुणी हसलं तर हसू द्या.

पहिली, बसून बघा. चप्पल-बूट रोज घालता तेच हवेत, उंच टाचा नकोत. सीटवर नेहमीसारखं बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे आणि निदान एका पायाची टाच जमिनीला टेकली पाहिजे. कागदावरची सीटची उंची बहुतेक स्कूटर्सची ७५५ ते ७८५ मिलिमीटरच्या मध्ये असते. ॲक्टिव्हा ७६४, फॅसिनो १२५ ची ७८०. फरक दीडेक सेंटिमीटरचा दिसतो, पण तुम्ही पाच फुटांच्या आसपास असाल तर तेवढ्यात टाच हवेत राहते. शिवाय आकड्यात सीटची रुंदी धरलेली नसते. रुंद, गुबगुबीत सीटवर मांड्या फाकतात आणि पाय तेवढा वर उचलला जातो. म्हणून कागद वाचून ठरवू नका, बसूनच ठरवा.

दुसरी, ढकलून बघा. गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहून, दोन्ही हात हँडलवर ठेवून, ती दहा पावलं पुढे न्या आणि दहा पावलं मागे आणा. मागे आणणं जास्त महत्त्वाचं. पुण्यातलं पार्किंग म्हणजे दोन गाड्यांच्या मधून आपली गाडी उलटी ओढून काढणं. फॅसिनोसारखी ९९ किलोची गाडी आणि एनटॉर्कसारखी ११८ किलोची, यांतला फरक चालवताना कळणार नाही. टिळक रोडच्या कडेला उतारावर लावलेली गाडी मागे ओढताना बरोबर कळेल.

तिसरी, मेन स्टँडवर लावा. यात ताकदीपेक्षा पद्धत लागते, आणि ती नव्या माणसाला कुणी शिकवत नाही. डावा हात हँडलवर, उजवा हात मागच्या धरायच्या दांडीवर. उजव्या पायानं स्टँडची पट्टी खाली दाबून दोन्ही टोकं जमिनीला टेकली आहेत ना हे आधी बघा. एकच टोक टेकलं असेल तर गाडी कलते. मग हातानं गाडी ओढायची नाही, त्या पट्टीवर आपलं सगळं वजन टाकून उभं राहायचं. गाडी आपसूक मागे चढते. तीनदा प्रयत्न करूनही चढली नाही तर ती गाडी तुमची नाही. "घरी आल्यावर सवय होईल" हे विक्रेत्याचं वाक्य आहे. साइड स्टँड आहेच की, असं कुणी म्हणेल. पण दाटीच्या पार्किंगमध्ये साइड स्टँडला तिरकी जागा लागते, आणि शेजारच्यानं जरा धक्का दिला की गाडी आडवी.

चौथी, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. गुडघ्याला किंवा पोटाला लागतंय का? उंच माणसांना लहान गाडीत हा त्रास होतो. आणि ब्रेकचे लिव्हर बोटांच्या पेरांत नीट येतात का तेही बघा. हात लहान असतील तर लिव्हर लांब पडतो आणि ऐनवेळी दोनच बोटं पोचतात.

जो गाडी चालवणार त्यानंच हे करायचं. मुलीसाठी गाडी घ्यायला गेलं की शोरूममधला माणूस बोलतो वडिलांशी, टेस्ट राइड घेतो भाऊ, आणि मुलगी रंग निवडते. भाचीच्या वेळी मी भावाला सरळ बाहेर चहाला पाठवलं होतं.

रस्ता बघून गाडी

कोथरूडहून डेक्कनला जाणाऱ्याला आणि कात्रजहून हिंजवडीला जाणाऱ्याला एकच गाडी चालेल असं नाही. पहिल्याचा सगळा प्रवास सिग्नल ते सिग्नल, तीस-चाळीसच्या वेगात. त्याला ११० सीसी भरपूर झाली. दुसऱ्याला बाह्यवळणावर ट्रकच्या शेजारून जायचं आहे आणि चढ आहेत. तिथे १२५ सीसीचा उपयोग वेग मारण्यासाठी होत नाही. चढावर मागे माणूस असताना गाडी कण्हत नाही, एवढ्यासाठी होतो. पण नव्या माणसाला पहिल्या सहा महिन्यांत तो बाह्यवळणाचा रस्ता टाळता येत असेल तर टाळावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सीसीपेक्षा चाकांकडे बघा. स्कूटरची चाकं छोटी असतात म्हणून ती खड्ड्यात बाइकपेक्षा जास्त बुडते. पुढचं चाक १२ इंची असेल तर १० इंचीपेक्षा खड्डा बराच सुसह्य होतो. ॲक्टिव्हा, ॲक्सेस यांना पुढे १२ आणि मागे १० असतं, ज्युपिटरला दोन्ही १२. पावसाळ्यात खोदलेल्या रस्त्यावर हा फरक रोज भेटतो. टायर ट्यूबलेसच असावेत. खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते आणि पंक्चरवाल्यापर्यंत पोचता येतं.

ब्रेकबद्दल नवख्यांच्या मनात भलतंच काही असतं. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक बंधनकारक आहे. डावा लिव्हर दाबला की मागचा आणि थोडा पुढचाही ब्रेक लागतो. त्यामुळे शिकताना डाव्या हाताची सवय आधी करा, उजवा, म्हणजे पुढचा, सोबत हळू दाबा. वाळूवर किंवा ओल्या पांढऱ्या पट्ट्यांवर एकटा उजवा ब्रेक करकचून दाबला की पुढचं चाक घसरतं आणि सावरायला वेळच मिळत नाही. डिस्क ब्रेक चांगला, पण हलक्या हाताची सवय होईपर्यंत तो नवख्याला जरा जास्तच तिखट लागतो. शहरातल्या वेगाला ड्रम पुरतात. डिस्कसाठी बजेट ताणू नका, त्या पैशात चांगलं हेल्मेट येईल.

डिकीत अख्खं हेल्मेट मावतं का हे स्वतःचं हेल्मेट नेऊन बघा. बऱ्याच डिक्यांत अर्धं मावतं आणि सीट वर राहते. फुटबोर्ड सपाट हवा. भाजीची पिशवी किंवा गॅस सिलिंडर तिथेच येणार आहे.

पेट्रोल की इलेक्ट्रिक

इलेक्ट्रिकचा निर्णय गाडीवर कमी आणि तुमच्या पार्किंगवर जास्त अवलंबून आहे. स्वतःच्या मीटरला जोडलेलं सॉकेट पार्किंगमध्ये मिळणार आहे का? भाड्याच्या घरात घरमालक, जुन्या सोसायटीत कमिटी, वाड्यात तर सगळेच विचारणार. हे पक्कं झाल्याशिवाय शोरूमची पायरी चढू नका. तिसऱ्या मजल्यावरून वायर खाली सोडणं हा उपाय नव्हे, तो अपघात आहे.

सोय असेल तर हिशोब सोपा आहे. रोज वीस किलोमीटर आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ५०० किलोमीटर. पेट्रोल स्कूटर शहरात लिटरला ४५ देते असं धरू. अकरा लिटर लागतील, लिटर १०५ रुपयांना धरलं तर साधारण साडेअकराशे. तेवढ्याच अंतराला इलेक्ट्रिकला वीसेक युनिट लागतील. युनिट दहा रुपयांनी दोनशे. घरचा वापर आधीच वरच्या स्लॅबमध्ये असेल तर थोडे जास्त धरा. म्हणजे महिन्याला नऊशे-हजाराची बचत. गाडी दिवसाला पाचच किलोमीटर चालणार असेल तर ही बचत जास्तीच्या किमतीला कधीच गाठणार नाही.

कंपनीनं सांगितलेल्या रेंजमधून, म्हणजे एका चार्जमध्ये जाणाऱ्या अंतरातून, चौथा हिस्सा सरळ वजा करा, मग आपलं जाऊन-येऊन अंतर त्यात दोनदा बसतं का बघा. बॅटरीची वॉरंटी किती वर्षं आणि किती किलोमीटर हे लेखी घ्या. आणि वजन विसरू नका. आयक्यूब, रिझ्टा या गाड्या ११५ किलोच्या पुढे जातात. वरच्या ढकलण्याच्या परीक्षेत त्यांना सूट नाही. बहुतेकींना रिव्हर्स मोड असतो, त्याची मात्र मोठी मदत होते.

ताशी २५ किलोमीटरपर्यंत धावणाऱ्या आणि २५० वॉटपर्यंतच्या मोटरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. ते आकर्षक वाटतं. कॉलनीतल्या कॉलनीत ठीक आहे, पण कर्वे रोडच्या गर्दीत २५ च्या वेगानं जाणारी गाडी सगळ्यांच्या मध्ये येते.

मोपेडबद्दल दोन शब्द. पुणेकरांच्या एका पिढीनं रस्ता पाहिला तो १९७२ साली आलेल्या लूनावरून. पेट्रोल संपलं की पॅडल मारायचं. आता पेट्रोल मोपेड म्हणजे मुख्यतः एक्सएल १००, आणि लूना २०२४ पासून इलेक्ट्रिक होऊन परतली आहे. एक्सएल नव्वद किलोच्या आतली, मोठ्या चाकांची, साधी आणि दणकट. दूध, भाजी, शेताचा फेरा यांना तिच्यासारखी गाडी नाही. गावात राहणाऱ्या, वयानं मोठ्या नवख्याला मी ती खुशाल सुचवीन. शहरात रोज ऑफिसला जायला मात्र आराम कमी पडतो.

नवी की जुनी

पहिल्या वर्षी गाडीला ओरखडे पडणारच. म्हणून तीन ते पाच वर्षं जुनी, वीस-तीस हजार किलोमीटर चाललेली, एका मालकाची गाडी हा माझा लाडका सल्ला. पण ती बघायला सकाळी, न कळवता आल्यासारखं जा. विकणारा आधीच गाडी चालू करून गरम करून ठेवतो. इंजिनला हात लावून ते गार आहे ना ते बघा, मग सेल मारा. गार गाडी दोन-तीन झटक्यांत चालू झाली पाहिजे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. तिथूनच परत फिरा.

चालवताना उचल घेतेवेळी गाडी थरथरली तर क्लच किंवा बेल्ट दमलेला आहे. स्कूटरचा बेल्ट साधारण वीस-चोवीस हजारांवर बदलावा लागतो. बदलल्याचं बिल मागा. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर तेल दिसतंय का, सरळ रस्त्यावर हँडल एका बाजूला ओढतंय का, फुटबोर्डच्या खाली वाकून पत्रा गंजलाय का, हे बघा. ओळखीच्या फिटरला दोनशे-तीनशे रुपये देऊन सोबत न्या.

कागदांत आरसीवरचा, म्हणजे नोंदणीच्या पुस्तकावरचा, चासी नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः ताडून पाहा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकलेली चलनं परिवहनच्या साइटवर नंबर टाकून दिसतात. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का विचारा. मग मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. "नावावर नंतर करू" म्हणणारा तुमच्या सख्ख्या आत्याचा मुलगा असला तरी ऐकू नका.

शोरूमचं कोटेशन

नवीच घ्यायची ठरली तर कोटेशन ओळीओळीनं लेखी घ्या: एक्स-शोरूम किंमत, रोड टॅक्स, नोंदणी, विमा, ॲक्सेसरीज. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, इलेक्ट्रिकवर तो ५ टक्के आहे. म्हणून जुन्या ओळखीच्या किमतींवर विसंबू नका. 'हँडलिंग', 'लॉजिस्टिक्स' अशा नावांची ओळ दिसली की "हे कशाचे?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. बरेचदा ती ओळ त्या शांततेतच गळून पडते.

नव्या दुचाकीला तृतीय पक्ष विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा) पाच वर्षांचा एकदम घ्यावाच लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र एक वर्षाचा घेता येतो आणि तो बाहेरूनही घेता येतो; शोरूमच्या आकड्याशी ताडून पाहा. पहिल्या वर्षी 'झिरो डेप' (भागांची झीज वजा न करता भरपाई देणारी जोड) जरूर घ्या. पहिल्या वर्षी ओरखडे पडणार, हे वर सांगितलंच; प्लास्टिकचे भागही फुटणार आहेत.

हप्त्यावर घेत असाल तर फ्लॅट व्याजाच्या भूलथापेत येऊ नका. ७० हजारांवर '९ टक्के फ्लॅट', तीन वर्षं, म्हणजे १८,९०० रुपये व्याज आणि महिना साधारण २,४७० चा हप्ता. मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं, व्याज मात्र पूर्ण ७० हजारांवरच लागतं; घटत्या शिलकीवर मोजलं तर हा दर सोळा टक्क्यांच्या पुढे जातो. आपल्या बँकेला आधी विचारा.

दसरा-पाडव्याला डिलिव्हरी हवी असेल तर हरकत नाही, पण गाडी दोन दिवस आधी जाऊन बघा. मुहूर्ताच्या गर्दीत हार घालून चावी हातात येते, तेव्हा ओरखडा कोण बघणार? उत्पादनाचा महिना, किलोमीटर, सगळे दिवे, हॉर्न, दोन चाव्या, टूलकिट तपासा. गाडीसोबत हेल्मेट देण्याची तरतूद नियमातच आहे, ते मागून घ्या. रोज वापरायचं हेल्मेट मात्र डोक्याचा घेर टेपनं मोजून, आयएसआय खूण बघून वेगळं घ्या. घालून डोकं हलवलं तर गालाची कातडी सोबत हलली पाहिजे. स्कार्फ बांधायची सवय असेल तर स्कार्फ बांधूनच मापाचं बघा.

पहिले पंधरा दिवस

पहिल्या रविवारी सकाळी सहाला, रस्ता मोकळा असताना, ऑफिसचा पूर्ण मार्ग एकदा जाऊन या. कुठे उजवं वळण घ्यावं लागतं, कुठे सिग्नल चढावर आहे, कुठे गाडी लावायची हे डोक्यात बसू द्या. सम-विषम तारखांच्या पार्किंगचे फलक तेव्हाच वाचून ठेवा, नाहीतर दुपारी गाडी टोइंगच्या टेम्पोत दिसेल.

रोज दहा मिनिटं मोकळ्या मैदानात एकच सराव करा: चालण्याच्या वेगात आठाचा आकडा काढणं आणि ठरलेल्या रेषेवर थांबणं. थांबताना रेस पूर्ण बंद, मग ब्रेक, गाडी थांबत आली की पाय. आधीपासून पाय लोंबकळत ठेवले की तोल जातो. घाबरल्यावर मूठ आवळली जाते आणि त्याबरोबर रेस वाढते, नवख्यांच्या बहुतेक धडका अशाच होतात. म्हणून थांबलेल्या गाडीवर बसून कुणाला बोलायचं असेल, ओढणी सावरायची असेल, तर आधी इंजिन बंद करा.

मागे कुणाला बसवायचं ते पक्कं लायसन्स आणि निदान दोन महिन्यांचा सराव झाल्यावर. दर आठवड्याला हवा तपासा. पुढे २२ आणि मागे २९ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास, नेमका आकडा गाडीच्या स्टिकरवर असतो. पहिली सर्व्हिसिंग पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला किंवा तारखेला, जे आधी येईल तेव्हा, आणि तिथे पोचल्यावर ब्रेकचा लिव्हर आपल्या बोटांच्या मापानं जुळवून मागा.